मुदत संपलेली ज्योत

समुद्रावर, खाडीत किंवा धरणाच्या फुगवट्यावर हौसेने नौका घेऊन जाणाऱ्या माणसाकडून कायदा ज्या वस्तूंची अपेक्षा करतो त्यांची यादी फार लांबलचक नाही, आणि तिच्यात अशी एकही वस्तू नाही की जिची आवश्यकता सामान्य बुद्धीच्या मनुष्याला युक्तिवाद करून पटवून द्यावी लागावी. नौकेवरील प्रत्येक जिवामागे एक लाईफ जॅकेट, पाण्यात पडलेल्याकडे फेकावयाचे तरंगते कडे, आग विझविण्याचे नळकांडे, भोंगा, रात्रीचे दिवे, दोरखंडासह नांगर, आत आलेले पाणी उपसण्याची सोय, आणि किनाऱ्यापासून दूर जावयाचे असल्यास संकटाची वर्दी देणारी साधने, म्हणजे हातात धरून पेटवावयाची लाल फ्लेअर, उंच जाऊन छत्रीच्या आधाराने सावकाश उतरणारा लाल बाण, दिवसाउजेडी दिसणारा नारिंगी धूर आणि बिनतारी संदेशयंत्र, इतक्यात बहुतेक सारे आले. देशोदेशीच्या नियमांत तपशिलाचा फरक असतो, नौकेच्या लांबीप्रमाणे आणि पाण्याच्या प्रकाराप्रमाणे अटी कमीअधिक होतात; परंतु यादीचे सार सगळीकडे सारखेच आहे. असे असता आपल्याकडे हौशी नौकांच्या मालकांत आणि सहलीच्या नौका भाड्याने चालविणाऱ्यांत, या वस्तूंकडे तपासणीच्या दिवशी दाखवावयाचा ऐवज म्हणून पाहण्याचा जो शिरस्ता पडला आहे, तो मला अत्यंत घातक वाटतो, आणि त्याविषयी स्पष्टपणे लिहिणे मी कर्तव्य समजतो.

महाराष्ट्राला या विषयाचे शिक्षण फार मोठी किंमत देऊन मिळालेले आहे. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' आगबोट मुंबईपासून काही मैलांवर, काशाच्या खडकाच्या आसपास, ऐन पावसाळी वादळात कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता, आणि रायगडच्या किनाऱ्यावरील कित्येक घरांत त्या वर्षाची आठवण आजही स्वातंत्र्यापेक्षा या बोटीशीच अधिक जोडलेली असते. त्या दिवसाच्या लाटांचे, पावसाचे आणि आकांताचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. मला मात्र त्या घटनेतील एक निराळाच तपशील सर्वांत अधिक अस्वस्थ करतो. बोट बुडाली सकाळी, आणि शहराला ती वार्ता कळली दिवस उतरणीला लागल्यावर, तीही पोहत पोहत वाचलेली माणसे किनाऱ्याला आली तेव्हा. मधल्या एवढ्या तासांत, सरकारी आणि खाजगी नौकांनी भरलेल्या त्या बंदराला, आपल्यापासून इतक्या थोड्या अंतरावर शेकडो माणसे पाण्यात हातपाय मारीत आहेत, याची कल्पनाच नव्हती. रेवसच्या बाजूने मासळी घेऊन निघालेल्या कोळ्यांच्या होड्या वाटेत आल्या आणि त्यांनी मासळी पाण्यात लोटून माणसे उचलली, म्हणून जी काही वाचली ती वाचली. संकटाची वर्दी देण्याचे साधन नसणे म्हणजे काय, हे समजून घ्यावयास याहून दुसरे उदाहरण शोधण्याचे कारण नाही.

आणि तरीही, त्यानंतर सत्याहत्तर वर्षांनी, २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवाशांची होडी उलटली, सहा माणसे गेली, आणि काठावरच्या गावांना अपघाताची खबर मिळाली ती होडीतला एक प्रवासी पोहत काठाला लागला तेव्हा. मधल्या काळात उपग्रह आले, प्रत्येकाच्या खिशात दूरध्वनी आला, किनारा सुरक्षेवर शासनाने अपार द्रव्य खर्च केले. पण बुडत्या माणसाचा निरोप नेण्याचे काम त्याच्याच दोन हातांकडे राहिले. हा योगायोग नाही. ज्या साधनाकडे आपण केवळ कायद्याची पूर्तता म्हणून पाहतो, ते साधन ऐन वेळी कामाला येत नाही, याचा तो पुरावा आहे.

उजनीची होडी प्रवासाची होती, 'रामदास' ही उतारूंची आगबोट होती. हौशी नौकांचा मामला वेगळा, असे कोणी म्हणेल. वेगळा आहे खरा, परंतु अधिक बिकट या अर्थाने. नित्याच्या उतारूला निदान त्या पाण्याची ओळख असते. सहलीला आलेल्या कुटुंबाला ती नसते. केरळात तानूर येथे ७ मे २०२३ च्या संध्याकाळी जी सहलीची नौका उलटून २२ माणसे बुडाली, ती मुळात मासेमारीची नौका असून तिचे रूपांतर केलेले होते आणि काळोख पडल्यावरही ती पाण्यात होती. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात, जेथे किनारा हाताच्या अंतरावर दिसत होता तेथे, शाळेच्या सहलीची नौका उलटली आणि १२ मुले व त्यांच्या २ शिक्षिका बुडाल्या. क्षमतेहून अधिक मुले बसविलेली होती आणि त्यांतील अनेकांच्या अंगावर जॅकेटच नव्हते. वडोदरा हे मराठी माणसाला परके शहर नव्हे, आणि त्या दिवसाचे दुःख आपल्याकडेही पुष्कळ घरांनी आपले मानले. त्याच वर्षाच्या अखेरीस, १८ डिसेंबर २०२४ रोजी, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' नौकेवर, इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान नौका येऊन आदळली. दोष धडक देणाऱ्या नौकेकडे होता, हे खरेच. परंतु नीलकमलवर शंभराहून अधिक माणसे होती आणि तिचा परवाना ८४ प्रवाशांचा होता, हेही खरेच. अखेर मृतांची संख्या १५ झाली. जवळच्या पायलट बोटी आणि इतर नौका काही मिनिटांत धावून आल्या नसत्या तर ती कोठे जाऊन थांबली असती, हे सांगवत नाही.

त्या अपघातानंतर गेटवेवर प्रत्येक प्रवाशाने जॅकेट अंगावर घालूनच बसावे, असा हुकूम निघाला. हुकूम योग्यच होता. खेद एवढाच की तो त्यानंतर निघाला. तत्पूर्वी ही जॅकेटे नौकांवर नव्हती असे नव्हे. ती होती. छताखालच्या पट्ट्यांत दाबून बसविलेली, बाकाखालच्या कप्प्यात एकमेकांना दोरीने बांधलेली, खारट हवेने ज्यांचे पट्टे कडक झाले आणि बकले गंजली अशी, मोजणीला अगदी बरोबर भरणारी जॅकेटे होती. शंभर माणसांच्या गोंधळात, कलत्या फळीवर उभे राहून, हाताला येईल ते जॅकेट ओढून काढणे, त्याची पुढची-मागची बाजू ओळखणे आणि ते घालून पट्टे आवळणे, ही गोष्ट कोरड्या जमिनीवर शांतपणे करून पाहिली तरी तिला किती वेळ लागतो हे ध्यानात येईल. नीलकमलसारख्या धडकेत तेवढा वेळ मिळत नाही.

जॅकेटाविषयी आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी लक्षात घेत नाही, ती सांगितलीच पाहिजे. पाण्यात पोहता येणाऱ्या, शुद्धीवर असलेल्या माणसाला तरंगण्यास मदत करणारे हलके जाकीट, आणि बेशुद्ध पडलेल्या माणसाला उताणे करून त्याचे तोंड पाण्याबाहेर ठेवणारे खरे लाईफ जॅकेट, या दोन निराळ्या वस्तू आहेत. पहिल्याची उचलण्याची शक्ती सुमारे ५० न्यूटन, दुसऱ्याची १५० च्या घरात असते. जहाजांसाठी जी आंतरराष्ट्रीय कसोटी ठरलेली आहे तिच्यात जॅकेट २४ तास पाण्यात बुडवून ठेवल्यावरही त्याची उचल ५ टक्क्यांहून अधिक घटता कामा नये, त्याला शिटी आणि दिवा असला पाहिजे, असे बारकावे आहेत, आणि त्यांपैकी प्रत्येक बारकाव्यामागे कोणाचा तरी जीव गेलेला आहे. जलक्रीडेच्या किनाऱ्यांवर मात्र रंग नारिंगी असला की काम झाले, अशी समजूत दिसते. सर्वांत वाईट प्रकार लहान मुलांचा. मोठ्या माणसाचे जॅकेट चार-पाच वर्षांच्या मुलाच्या गळ्यात अडकविले की आईबापांना वाटते, झाली सोय. परंतु मूल पाण्यात पडले की जॅकेट वर जाते आणि मूल खाली सरकते, कारण त्याला दोन्ही पायांमधून घेतलेला पट्टा नसतो. मुलांच्या मापाची जॅकेटे वेगळी ठेवणे, आणि ती नसतील तर मुलांना नौकेत न घेणे, इतके साधे पथ्य आपल्या जलक्रीडा केंद्रांनी पाळले तरी पुष्कळ साधेल. अमेरिकेत चालत्या हौशी नौकेवर १३ वर्षांखालील मुलाने जॅकेट घातलेलेच असले पाहिजे, असा दंडक आहे. आणि तेथील तटरक्षक दलाचे वार्षिक अहवाल वर्षानुवर्षे हेच सांगत आले आहेत की बुडून मेलेल्यांपैकी पाचांत चारांहून अधिक माणसांच्या अंगावर जॅकेट नव्हते.

आता फ्लेअरकडे येतो, कारण या साऱ्या साहित्यात सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत गैरसमजात सापडलेली वस्तू तीच आहे. रात्री समुद्रावरून रंगीत ज्योतीने निरोप देण्याची पद्धत व्यवहारात आणण्याचे श्रेय ज्यांना जाते त्यांत मार्था कॉस्टन या अमेरिकन विधवेचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. पतीच्या वहीत राहिलेल्या अपुऱ्या टिपणांवर तिने वर्षानुवर्षे परिश्रम केले, आणि १८५९ मध्ये त्या ज्योतींचे पेटंट निघाले तेव्हा संशोधक म्हणून त्यावर नाव लागले ते मृत पतीचे. पुढे त्या ज्योतींनी अमेरिकेच्या आरमारात आणि किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांच्या हाती मोठी कामगिरी केली. आजची फ्लेअर ही त्यांचीच वंशज होय. स्ट्रॉन्शियमच्या क्षाराने तिला तो गडद लाल रंग येतो, मॅग्नेशियमने तेज येते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे हातातली ज्योत निदान एक मिनिट, १५,००० कँडेलाच्या तेजाने जळली पाहिजे, आणि दहा सेकंद पाण्याखाली धरली तरी विझता कामा नये. छत्रीचा बाण निदान ३०० मीटर उंच जाऊन ४० सेकंद, ३०,००० कँडेलाच्या तेजाने, सेकंदाला पाच मीटरांहून अधिक वेगाने खाली न येता जळत राहिला पाहिजे. आणि पाण्यावर तरंगणाऱ्या नारिंगी धुराने निदान तीन मिनिटे धूर दिला पाहिजे. एवढी शक्ती एका हाताएवढ्या नळकांड्यात कोंडलेली असते. स्वच्छ रात्री छत्रीचा बाण पंधरावीस मैलांवरून दिसू शकतो, हातातली ज्योत तीनचार मैलांवरून.

परंतु ही शक्ती कशी वापरावयाची, हे ज्याने कधी मनात घोळविलेले नाही त्याच्या हाती ती निष्फळ तर ठरतेच, क्वचित घातकही ठरते. हातातली ज्योत वाऱ्याच्या खालच्या बाजूला, हात पूर्ण लांबवून, नौकेच्या कठड्याबाहेर धरावयाची असते, कारण तिच्यातून तापलेल्या राखेचे थेंब गळतात. ते रबरी तराफ्यावर पडले तर तराफ्यालाच भोक पडते, आणि पेट्रोलच्या इंजिनाजवळ पडले तर काय होईल ते सांगावयास नको. तिच्याकडे टक लावून पाहू नये. पाहिल्यास पुढची कित्येक मिनिटे डोळ्यांना काळोखात काही दिसत नाही. बाण सोडताना तो थोडासा वाऱ्याच्या दिशेने कलता धरावा, कारण वर जाताना तो आपणहून वाऱ्यावर चढतो. ढग खाली आलेले असतील तर आणखी तिरपा धरावा, नाही तर त्याची सारी ज्योत ढगांच्या वर जळून जाते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भीतीने एकामागून एक सारे बाण सोडून टाकू नयेत. पहिला बाण पाहणाऱ्याच्या मनात शंका निर्माण करतो, दोनतीन मिनिटांनी सोडलेला दुसरा तिचे निश्चयात रूपांतर करतो आणि दिशाही सांगतो. म्हणून हाती असलेले बाण जहाज, विमान किंवा किनाऱ्यावरचा मनुष्य दिसेल अशी आशा असेल तेव्हाच, जोडीने सोडावयाचे असतात. हातातली ज्योत तर शोधावयास आलेली नौका डोळ्यांसमोर आल्यावर, तिला नेमकी जागा दाखविण्यासाठी राखून ठेवावयाची असते. हे सारे नळकांड्याच्या अंगावर बारीक अक्षरांत, बहुधा इंग्रजीत, छापलेले असते. काळोखात, भिजलेल्या हातांनी, हेलकावणाऱ्या नौकेत ते कोणी वाचू शकेल, असे निर्मात्यालाही वाटत नसावे.

आणि याच नळकांड्यावर एक तारीख असते. अमेरिकेत ही मुदत निर्मितीपासून ४२ महिन्यांची धरतात, कॅनडात चार वर्षांची. अन्यत्रही तीनचार वर्षांच्या पलीकडे ती सहसा जात नाही. औषधाच्या बाटलीवरच्या तारखेसारखी ही तारीख आहे: ती उलटल्याच्या दुसऱ्या दिवशी औषधाचे विष होत नाही, पण त्यानंतर त्याच्या भरवशावर कोणाचा जीव ठेवणे गैर ठरते. दमट, खारट हवेत मिश्रण ओल धरते, पेटविण्याचा चाप गंजतो, वेष्टनाला चिरा पडतात. आणि मग फ्लेअर एकतर पेटत नाही, किंवा पेटते ती भलत्याच जागेतून. मुंबई, मालवण, वेंगुर्ल्याच्या हवेत चार महिन्यांचा पावसाळा काढलेली वस्तू, थंड कोरड्या हवेत ठेवलेल्या तशाच वस्तूइतकी टिकेल असे मानणे धाडसाचे आहे. म्हणूनच मुदत उलटलेल्या फ्लेअर अटीची पूर्तता म्हणून मोजू नयेत, हा अमेरिकन नियम मला सर्वथा योग्य वाटतो; तेथे मालकाने जुन्या फ्लेअर अधिकच्या म्हणून जवळ ठेवावयास हरकत नसते, पण हिशेबात त्या शून्य असतात.

यावर नौकांचे मालक जे म्हणतात ते मी लक्षपूर्वक ऐकले आहे, आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. त्यांचे म्हणणे असे की दर तीनचार वर्षांनी न वापरलेली वस्तू टाकून नवी घ्यावी लागते. ती लहान बंदरांत मिळत नाही. आणि टाकावयाची म्हटली तरी टाकावयाची कोठे, याचे उत्तर कोणापाशीही नाही. हे तिसरे गाऱ्हाणे सर्वांत खरे आहे. फ्लेअर कायद्याच्या दृष्टीने स्फोटकांच्या जातीची. १८८४ चा स्फोटकांचा कायदा आणि त्याखालचे २००८ चे नियम तिच्या निर्मितीपासून वाहतुकीपर्यंत लागू, आणि त्यांची अंमलबजावणी पाहणाऱ्या संघटनेचे मुख्यालय नागपुरात. ती विमानातून नेता येत नाही, टपालाने पाठविता येत नाही, कचऱ्यात टाकली तर सफाई कामगाराच्या जिवावर बेतेल, समुद्रात टाकली तर एखाद्या कोळ्याच्या जाळ्यात येईल. त्यात ज्या किनाऱ्यावर १९९३ साली दिघी आणि शेखाडी येथे स्फोटके उतरविली गेली, आणि २००८ साली ज्या समुद्रमार्गाने मारेकरी मुंबईत शिरले, त्या किनाऱ्यावर दारूगोळ्याच्या जातीच्या प्रत्येक वस्तूकडे पोलीस खाते संशयाने पाहते, याबद्दल त्या खात्याला बोल लावता येणार नाही. परिणाम मात्र असा होतो की प्रामाणिक मालकसुद्धा जुन्या फ्लेअर नौकेच्या कप्प्यातच पडू देतो. वर्षानुवर्षे साचत जाणारी ही जुनी दारू पेट्रोलच्या टाकीपासून चार हातांवर असते, आणि तपासणीच्या वेळी तीच मोजून दाखविली जाते.

मुदत संपलेल्या फ्लेअर थर्टी फर्स्टच्या रात्री किंवा लग्नाच्या वरातीत उडवून टाकण्याची जी सोपी वाट काहींना सुचते, तिच्याविषयी मला दोन शब्द अधिक कठोरपणे लिहावयाचे आहेत. समुद्रावरील टक्कर टाळण्याचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यांच्या चौथ्या परिशिष्टात संकटसूचक चिन्हे दिलेली आहेत: लाल तारे फेकणारे बाण, लाल ज्योत, नारिंगी धूर, दोन्ही हात पसरून सावकाश वरखाली करणे, मिनिटामिनिटाने बार काढणे, आणि अशी आणखीही काही, आणि संकटाखेरीज अन्य कारणासाठी ही चिन्हे वापरण्याची त्यात साफ मनाई आहे. मनाईचे कारण १९१२ च्या एप्रिलमधील एका रात्रीने जगाला शिकविले. टायटॅनिकवरून सोडलेले पांढरे बाण काही मैलांवर उभ्या असलेल्या कॅलिफोर्नियन जहाजावरच्या माणसांना दिसले होते. त्यांनी ते पाहिले, त्यांविषयी आपसांत बोलणे केले, आणि ते संकटाचे असतील असा निर्णय त्यांच्याकडून झाला नाही. बाण सोडला गेला, दिसलाही, आणि तरी व्यर्थ गेला, कारण पाहणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ पक्का नव्हता. आपल्याकडे दिवाळीच्या आठवड्यात आणि वर्षअखेरच्या रात्री किनाऱ्यावरचे सारे आकाश दारूकामाने भरलेले असते. त्यात समुद्राच्या बाजूने एक लाल ज्योत सावकाश उतरताना दिसली तर जुहूच्या किंवा कळंगुटच्या किनाऱ्यावरचा कितवा मनुष्य १५५४ या क्रमांकावर तटरक्षक दलाला कळवील? लाल ज्योतीचा अर्थ एकच राहील, इतकी तरी काळजी नौका बाळगणाऱ्यांनी घेतलीच पाहिजे. आणि टायटॅनिकचेच नाव निघाले आहे म्हणून सांगतो, नियमाची पूर्तता म्हणजे सुरक्षितता नव्हे: त्या जहाजावरच्या बचाव नौका त्या काळच्या ब्रिटिश नियमाने मागितल्यापेक्षा कमी नव्हत्या, उलट १६ च्या जागी २० होत्या. नियम दहा हजार टनांच्या जहाजांच्या काळी केलेला होता, जहाज शेहेचाळीस हजार टनांचे होते, आणि जहाजावर असलेल्या माणसांपैकी जवळजवळ निम्म्यांना त्या नौकांत जागाच नव्हती.

फ्लेअरचा जमाना संपला, आता उपग्रहाचा बीकन घ्यावा, असेही सुशिक्षित नौकानयनपटूंकडून ऐकू येते. बीकन अवश्य घ्यावा. माझ्या मते किनारा सोडून दूर जाणाऱ्या प्रत्येक हौशी नौकेवर तो सक्तीचा व्हावा. ४०६ मेगाहर्ट्झवरचा त्याचा संदेश उपग्रहामार्गे बंगळूरच्या नियंत्रण केंद्रात आणि तेथून मुंबईच्या सागरी बचाव समन्वय केंद्रात पोहोचतो, आणि त्याची नोंदणी मालकाच्या नावाने केलेली असेल तर शोध कोणत्या नौकेचा घ्यावयाचा हेही कळते. परंतु बीकन शोधपथकाला ज्या भागात आणून सोडतो, त्या भागात रात्रीच्या वेळी, दोन मीटरांच्या लाटांत, पाण्यावर दिसणारे एक डोके शोधणे हे हेलिकॉप्टरमधल्या माणसाच्या डोळ्यांचे काम असते, आणि त्या डोळ्यांना त्या डोक्यापर्यंत नेणारी वस्तू अद्याप ज्योत आणि धूर हीच आहे. धूर वैमानिकाला वाऱ्याची दिशासुद्धा सांगतो. अमेरिकेत रात्रीच्या ज्योतीऐवजी ठरावीक प्रकारचा विजेचा दिवा आणि दिवसासाठी नारिंगी झेंडा चालतो. लहान, पेट्रोलवर चालणाऱ्या आणि किनाऱ्याच्या दृष्टिपथात राहणाऱ्या नौकांसाठी ती सोय आपणही द्यावी, असे मला वाटते, कारण अशा नौकेत आगीचा धोका आणि साठवणुकीचा प्रश्न दोन्ही मोठे आहेत. मात्र खुल्या समुद्रावर जाणाऱ्यांना ती सवलत देऊ नये. मोबाईलचे तर बोलूच नये: मांडव्यापलीकडे दक्षिणेला गेले की त्याचा भरवसा उरत नाही, आणि खिशात भिजल्यावर कोठेच उरत नाही.

अंमलबजावणीचा विचार करता, १९९६ पासून महाराष्ट्राच्या लहान बंदरांचा कारभार ज्याच्याकडे आहे त्या सागरी मंडळाकडे, म्हणजे लोक ज्याला मेरीटाईम बोर्ड म्हणतात त्याच्याकडे, आणि १९१७ चा जुना कायदा रद्द करून आलेल्या २०२१ च्या अंतर्गत जलयान कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे माझे मागणे मोठे नाही. तपासणीच्या वेळी अधिकाऱ्याने वस्तू मोजू नयेत, त्या वापरून दाखवावयास सांगाव्यात. सारंगाने आणि खलाशाने पूर्ण काळोखात जॅकेटांचा कप्पा उघडून दाखवावा. प्रत्येक फ्लेअरचा महिना आणि साल दाखल्यावर लिहावे, आणि त्यांपैकी पहिली ज्या दिवशी मुदतबाह्य होईल त्या दिवशी दाखला आपोआप निष्प्रभ व्हावा, जेणेकरून वर्षभराच्या दाखल्याच्या आड मुदत संपलेली दारू लपणार नाही. खाजगी मालकीच्या स्पीडबोटी आणि शिडाच्या नौका, ज्यांच्यावर भाडोत्री प्रवासी नसतात म्हणून ज्यांच्याकडे कोणी फारसे पाहत नाही, त्यांनाही हीच कसोटी लागू व्हावी. पवनेच्या किंवा तापोळ्याच्या पाण्यावरच्या नौकांनाही, अर्थात फ्लेअरची अट वगळून. जे मालक रविवारी मित्रमंडळी घेऊन अलिबागकडे जातात, त्यांच्या पाहुण्यांचे प्राण घारापुरीच्या प्रवाशांच्या प्राणांहून कमी मोलाचे नाहीत.

आणि जुन्या फ्लेअर परत घेण्याची व्यवस्था शासनाने केली नाही तोवर नव्या घेण्याचा आग्रह धरण्याचा त्याला पुरता अधिकार पोहोचत नाही, हे मी मालकांच्या बाजूने स्पष्टपणे सांगतो. कॅनडात नौकानयनाच्या संस्था ठरलेल्या दिवशी जुन्या फ्लेअर जमा करून घेतात आणि त्याच दिवशी सुरक्षेचे शिक्षणही देतात. आपल्याकडे याला पावसाळ्यासारखी सोयीची वेळ दुसरी नाही. जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत गेटवे-मांडवा वाहतूक बंद असते, हौशी नौका किनाऱ्यावर ताडपत्रीखाली पडलेल्या असतात, आणि नारळी पौर्णिमेनंतर हंगामाची तयारी सुरू होते. नारळी पौर्णिमेनंतरच्या पंधरवड्यात मुंबई, रेवस, मुरुड, दाभोळ, रत्नागिरी, मालवण आणि वेंगुर्ले येथील बंदर कार्यालयांनी प्रत्येकी एक दिवस जाहीर करावा. नौकेच्या नोंदणीचा कागद दाखविणाऱ्याकडून मुदतबाह्य फ्लेअर विनाशुल्क आणि विनाचौकशी घ्याव्यात, पावती द्यावी, आणि त्या पावतीवर नव्या फ्लेअर तेथल्या तेथे विकत मिळाव्यात. जमा झालेल्यांपैकी फुटलेल्या, ओल धरलेल्या असतील त्या स्फोटकांच्या जाणकारांकडे नष्ट करण्यास जाव्यात. ज्या वरून धड दिसतील त्यांपैकी हातातल्या ज्योती, तटरक्षक दलाच्या मुंबई केंद्राला आणि स्थानिक पोलिसांना आगाऊ लेखी कळवून, अग्निशामक दल हजर ठेवून आणि हातमोजे व चष्मे देऊन, संध्याकाळी धक्क्यावर मालकांच्या आणि खलाशांच्या हाती एकेक द्याव्यात. ती न पेटली तर मुदतीचा अर्थ त्यांना समजेल. पेटली तर एक मिनिट हात न थरथरता लांब धरून ठेवण्यास काय लागते ते समजेल, आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या बायकामुलांनाही ते काठावरून पाहता येईल. या साऱ्याला लागणारा खर्च बंदर खात्याच्या नोंदणी शुल्कातून भागण्यासारखा आहे, आणि त्यासाठी नवा कायदा नको, स्फोटकांच्या खात्याची एक लेखी परवानगी आणि मंडळाचे एक परिपत्रक पुरेल. ते येत्या मे महिन्यात, नौका किनाऱ्याला ओढण्यापूर्वी निघाले, तर याच हंगामापासून आरंभ करता येईल.